मूठभर पावडर आणि तांबूस पडलेल्या कालवडी

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: सोलापूर जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. घरी सहा संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) गाई आहेत. नवरा नोकरीला, त्यामुळे गोठा त्याच सांभाळतात. विकतची गाय परवडत नाही म्हणून घरच्याच कालवडी वाढवायचं त्यांनी ठरवलं. सध्या चार आहेत, दोन दोन-दोन महिन्यांच्या आणि दोन साडेसात महिन्यांच्या. धाकट्या तरतरीत आहेत. मोठ्या दोघींचा काळा रंग मात्र तांबूस पडलाय, केस राठ झालेत, पोट सुटलंय, त्या भिंती चाटतात आणि माती खातात. दुकानदाराने खनिज मिश्रणाची पावडर दिली. दिरांनी कृषी प्रदर्शनातून महागडं पातळ टॉनिक आणलं. आता दुकानदार म्हणतो, दर महिन्याला मिनरलचं इंजेक्शन द्या. सध्या चौघींनाही रोज मूठभर पावडर आणि टॉनिक चालू आहे. सासरे चिडतात, "आमच्या खिलार वासरांना कुणी पावडर घातली होती?" ताई विचारतात, "माझंच काही कमी पडतंय का? इंजेक्शन सुरू करू का? चिलेटेडच घ्यायला हवं होतं का?" सोबत त्यांनी खुराक लिहिलाय. रोज तीन लिटर दूध आणि काफ स्टार्टर (लहान वासरांचा तयार खुराक) अडीच महिन्यांपर्यंत. दूध तोडलं की स्टार्टरही बंद. पुढे कडबा, उसाचं वाढं, थोडा लसूणघास आणि "उरली तर" मूठभर सरकी पेंड. पाणी बोअरचं, मचूळ.

ताई, नमस्कार.

आधी दोन गोष्टी सांगते, कारण त्या आजच करायच्या आहेत. इंजेक्शन सुरू करू नका. आणि धाकट्या दोघींची पावडर आणि टॉनिक दोन्ही आज संध्याकाळपासून थांबवा. का, ते पुढे सविस्तर लिहिते.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि प्रत्येक वेळी एकाच ओळीवर थांबले: "दूध तोडलं की स्टार्टरही बंद." धाकट्या तरतरीत आहेत त्या स्टार्टर खातायत म्हणून. मोठ्या दोघी उतरल्या त्या स्टार्टर सुटल्यानंतर. तुम्ही हे खनिजांचं दुखणं समजून पत्र लिहिलंत, पण मला त्यात आधी भूक दिसते. पोट भरलेलं असूनही राहिलेली भूक. ज्वारीच्या कडब्यात प्रथिनं असतात जेमतेम तीन-चार टक्के. वाढ्यात त्याहून किंचित जास्त, पण वाढ्यात ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. तीन महिन्यांच्या वासराचं पोट नुकतंच चारा पचवायला शिकलेलं असतं, त्याला एवढ्यावर ठेवलं की ते पोटभर चारा खातं, पोट सुटतं आणि अंग धरत नाही. केसही प्रथिनांचाच बनतो, त्यामुळे खुराक तुटला की पहिल्यांदा तो राठ होतो. हे सगळं तांब्या-जस्ताच्या कमतरतेसारखंच दिसतं. म्हणून डोळ्यांना दिसतं त्यावर एकदम पावडरीचा शिक्का मारू नये.

हिशेब करून बघा. कालवड जन्मली ३० किलोची आणि रोज ५०० ग्रॅम वाढली, तर साधारण १५ महिन्यांत २६० किलोवर जाते आणि रेतनाला तयार होते. तीच रोज ३०० ग्रॅमने वाढली तर त्याच वजनाला २५ महिने लागतात. म्हणजे दहा महिने ती फुकट खाणार, आणि तुमची घरची गाय विकतच्या गाईएवढी महाग पडणार. हे दहा महिने कुठलीच पावडर भरून काढत नाही. दूध तोडल्यावर सहा-आठ महिन्यांपर्यंत रोज एक ते दीड किलो चांगला खुराक हवा. त्यात किमान १६ ते १८ टक्के प्रथिनं हवीत. स्टार्टर महाग वाटतो हे मला समजतं. पण वासराच्या पुढच्या दुधाचा पाया या सहा महिन्यांतच पडतो. तुम्ही टॉनिकवर जे पैसे घातलेत ते या पोत्याकडे वळवा, एवढंच माझं मागणं आहे. मोठ्या दोघींना आता एकदम दीड किलो घालू नका. अर्ध्या किलोपासून सुरू करा आणि आठ-दहा दिवसांत वाढवत न्या, नाहीतर पोट बिघडेल. आणि सरकी पेंड धाकट्यांच्या गव्हाणीत जाऊ देऊ नका. तिच्यातलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य लहान वासराला बाधतं.

दुसरी शंका जंतांची. पोट सुटलंय, केस राठ आहेत, माती खातायत, यात जंतनाशक शेवटचं कधी दिलं ते तुम्ही लिहिलंच नाही. औषध देण्याआधी शेण तपासून घ्या. सकाळचं ताजं शेण स्वच्छ डबीत घ्या, डबीवर कालवडीचं नाव लिहा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचवा. कुठले जंत आहेत ते कळलं तर औषध नेमकं देता येतं. लहान वासरांत आईच्या दुधातूनच गोलकृमी येतात. म्हणून पहिलं जंतनाशक दहा-पंधरा दिवसांच्या आतबाहेर देतात आणि पुढची वेळापत्रकं डॉक्टर ठरवतात. म्हशीच्या रेडकांत तर हे फारच जपावं लागतं. शेणात रक्त किंवा आव दिसली तर तो रक्ती हगवणीचा प्रकार असू शकतो. त्यावर जंताचं औषध चालत नाही, वेगळे उपचार करावे लागतात.

तोवर एक काम स्वतः करा. कालवडीच्या खालच्या पापणीला अंगठ्याने हलकंच खाली ओढा आणि आतला रंग पाहा. निरोगी कालवडीत तो गुलाबी दिसतो. पांढुरका, मेणचट दिसला तर रक्त कमी आहे. मग जंत, गोचीड आणि गोचिडाचा ताप या तिन्हींचा विचार डॉक्टरांनी करायचा. मानेवरचे आणि शेपटीच्या बुडाचे केस बाजूला सारून उवा आणि लिखा आहेत का बघा. आणि केसांचा तांबूसपणा नीट पाहा. फक्त पाठीवर आणि टोकाला रंग उडालाय, मुळाशी काळाच आहे, तर तो उन्हाचा परिणाम असू शकतो. डोळ्यांभोवती चष्मा घातल्यासारखं फिकट वर्तुळ आलंय आणि मुळापासूनच केस फिके येतायत, तर तांबं कमी असल्याची शंका बळावते. जस्त कमी असलं की मानेवर, पायांवर कातडी जाड होते, पापुद्रे सुटतात, जखमा लवकर भरत नाहीत.

आता त्या पावडरीकडे येते. सूक्ष्म खनिजं म्हणजे तांबं, जस्त, मँगनीज, लोह, आयोडीन, कोबाल्ट, सेलेनियम. यांची गरज मिलिग्रॅममध्ये असते, पण ती नसली तर वासरू वाढतच नाही, हे खरंच आहे. कोबाल्टमधून कोठीपोटातले, म्हणजे चारा आंबवणाऱ्या मोठ्या पोटातले, जीवाणू बी-१२ जीवनसत्त्व बनवतात. आयोडीनविना गळ्याची गाठ वाढते. सेलेनियम कमी असेल तर स्नायू कमजोर पडतात. म्हणजे खनिजं लागतातच, यावर माझं आणि तुमच्या दुकानदाराचं एकमत आहे. भांडण आहे ते "जास्त घातलं की जास्त वाढेल" या समजुतीशी.

तांब्याचंच उदाहरण घेऊ, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. वाढत्या वासराला खाद्याच्या प्रत्येक किलो कोरड्या वजनामागे साधारण १० मिलिग्रॅम तांबं लागतं आणि ४० मिलिग्रॅम जस्त. दोन महिन्यांचं वासरू एक किलोच्या आसपास स्टार्टर खात असेल, तर त्याची तांब्याची गरज आहे दहा-बारा मिलिग्रॅम. चांगल्या स्टार्टरमध्ये ती आधीच घातलेली असते. आता तुमची मूठ. भारतीय मानक आयएस १६६४ प्रमाणे केलेल्या बिनमिठाच्या मिश्रणात तांबं ०.१ टक्का आणि जस्त ०.८ टक्के असतं. मूठभर पावडर काट्यावर ४०-५० ग्रॅम भरते. म्हणजे त्यातूनच ४०-५० मिलिग्रॅम तांबं गेलं, गरजेच्या चौपट. वर टॉनिक, त्यात किती ते बाटलीवर वाचावं लागेल. वर इंजेक्शन देणार होतात.

आणि धाकट्यांचं पोट अजून दुधाच्या वळणाचं आहे. दुधावरचं वासरू खाल्लेल्या तांब्यातलं निम्म्याहून जास्त शोषून घेतं. कोठीपोट सुरू झालं की तेच प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली येतं. म्हणून जी मूठ मोठीला चालून जाईल ती धाकटीच्या यकृतात साठत राहते. बाहेर काहीच दिसत नाही. मग एखाद्या दिवशी प्रवास, ताप, खाद्यबदल असलं काही निमित्त होतं आणि साठलेलं तांबं एकदम रक्तात उतरतं. डोळे पिवळे पडतात, लघवी गडद तांबडी होते, वासरू बसतं. तुम्ही घाबरू नका, धाकट्या तरतरीत आहेत आणि घालणं थांबवलं की यकृत तो साठा हळूहळू बाहेर टाकतं. फक्त अशी लक्षणं कधी दिसली तर रात्र न घालवता डॉक्टरांना बोलवा, आणि काय काय घातलं होतं ते सगळं त्यांना दाखवा. ज्यांच्याकडे शेळ्या-मेंढ्याही आहेत त्यांनी हेही ऐका: गाईची पावडर मेंढीला घालू नका. तांब्याच्या बाबतीत मेंढी फार नाजूक असते.

मोठ्या दोघींचं गणित वेगळं आहे, आणि इथे तुमच्या शंकेत तथ्य असू शकतं. त्या दिवसाला तीन किलोच्या आसपास कोरडं खाद्य खात असतील तर तांबं लागेल ३० मिलिग्रॅम आणि जस्त १२०. राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळ वासरांना रोज २० ते २५ ग्रॅम आणि कालवडींना ५० ग्रॅम खनिज मिश्रण सुचवतं. तुमच्या मोठ्या दोघींना सध्या २५-३० ग्रॅम पुरेसं आहे. त्यात जस्त २००-२४० मिलिग्रॅम जातं, तांबं गरजेजवळ येतं, उरलेलं चाऱ्यातून मिळतं.

मग तरी रंग का उडतो? कारण पोटात गेलं ते सगळं अंगी लागत नाही. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत जस्त आणि लोह पिकाला कमी मिळतं, हे उसाच्या पिवळ्या पानांवरून तुम्हाला ठाऊक असेल. अशाच अल्कधर्मी जमिनीत मॉलिब्डेनम हे आणखी एक सूक्ष्म खनिज मात्र जास्त मोकळं होतं आणि लसूणघासासारखी शेंगवर्गीय पिकं ते ओढून घेतात. मॉलिब्डेनम आणि गंधक कोठीपोटात एकत्र आले की तांब्याला असं धरून ठेवतात की ते आतड्यातून शोषलंच जात नाही. मचूळ बोअरच्या पाण्यात सल्फेट असेल तर गंधक तिथूनही येतं. आणि जी माती त्या खातायत तिच्यातलं लोहही तांब्याच्या आड येतं. माती खाण्याचं मूळ बहुधा मीठ, फॉस्फरस, जंत किंवा भूक यांपैकी कशात तरी असतं, पण एकदा ती सवय लागली की ती स्वतःच दुसरी कमतरता ओढून आणते. लसूणघास तोडू नका, तुमच्याकडचा तोच सर्वांत प्रथिनयुक्त चारा आहे. फक्त पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत सल्फेट आणि क्षार कळतात. मृदा आरोग्य पत्रिका घरात असेल तर ती काढा. तीत जस्त, लोह, मँगनीज, तांबं, गंधक हे सगळं लिहिलेलं असतं. बहुतेकांच्या घरी ती फाइलमध्ये पडून असते आणि गोठ्यासाठी ती कुणी उघडत नाही.

रक्त तपासायचं तर तपासा, पण एक लक्षात ठेवा. यकृतातला साठा संपत येईपर्यंत रक्तातलं तांबं बऱ्यापैकी ठीकच दिसतं. तेव्हा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून शंका संपत नाही. तो कमी आला तर मात्र तो खरा मानायचा. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात विचारा. सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही विचारता येईल.

चिलेटेडचं विचारलंत. चिलेटेड म्हणजे खनिज एखाद्या अमिनो आम्लासारख्या सेंद्रिय रेणूला बांधलेलं. मॉलिब्डेनम, गंधक, लोह आडवे येत असतील तिथे ते जास्त अंगी लागतं, म्हणून पाण्यात सल्फेट भरपूर निघालं तर त्याला पैसे देणं मला पटेल. तसं काही नसेल तर मानक चिन्हाचं साधं मिश्रण पुरे. पिशवीवर आयएस १६६४ आहे का, प्रत्येक खनिजाची टक्केवारी छापली आहे का आणि बनवल्याची तारीख, एवढं पाहा. नुसतं "सर्व खनिजांनी युक्त" लिहिलेली पिशवी घेऊ नका. फार स्वस्त पावडरीत फ्लोरिन जास्त असलेला दगडी फॉस्फेट वापरलेला असण्याची भीती असते, म्हणून मानक चिन्हाचा आग्रह.

इंजेक्शनचं काम वेगळं आहे. ते कोठीपोट टाळून थेट अंगात जातं, त्यामुळे कमतरता सिद्ध झाली असेल आणि तोंडावाटे दिलेलं लागत नसेल तर डॉक्टर ते देतात. त्यात बऱ्याचदा सेलेनियम असतं. सेलेनियमच्या गरजेत आणि विषबाधेत अंतर फार कमी आहे. पंजाबात नवांशहर-होशियारपूर भागात जमिनीतच सेलेनियम जास्त आहे आणि तिथल्या जनावरांचे खूर आणि केस त्याने गळतात. वजन न मोजता, दुकानाच्या काउंटरवरून, दर महिन्याला असं इंजेक्शन देणं मला अजिबात मान्य नाही.

चाटण विटांबद्दलही बरेच जण विचारतात. मिठाची वीट टांगायला हरकत नाही, भिंत चाटणं त्याने कमीही होतं. पण विटेवर खनिजांची भिस्त ठेवू नका, कारण दांडगी कालवड चाटत बसते आणि गरीब बाजूला राहते. युरिया-गुळाची वीट तर सहा महिन्यांखालच्या वासराजवळ ठेवायचीच नाही.

मामंजींचं बोलणं तुम्हाला लागलंय, ते पत्रात जाणवतं. पण ताई, ते अर्धं खरं बोलतायत. खिलार वासरू बांधावर, माळावर, ओढ्याकाठी फिरून वीस तऱ्हेचा पाला खात असे, आणि त्याच्या वाढीची घाईही कुणाला नव्हती. तुमची एचएफ कालवड दावणीला बांधलेली आहे, दोन-तीन प्रकारचा चारा खाते आणि पंधरा महिन्यांत तयार व्हावी अशी आपली अपेक्षा आहे. पावडर लागते ती या बदलामुळे. मामंजींना हेच सांगा, आणि त्यांच्याकडून एक मदत मागा: बांधावरची शेवरी, सुबाभूळ, हादगा यांचा पाला मोठ्या दोघींसाठी रोज थोडा आणून द्यायचा. ते काम त्यांना आवडेल आणि कालवडींनाही.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या प्रश्नात नव्हती. वासराची खनिजं वासरापासून सुरू होत नाहीत. जन्मताना त्याच्या यकृतात तांब्याचा जो साठा असतो तो आईच्या शेवटच्या तीन महिन्यांत भरलेला असतो. सेलेनियमही नाळेतून आणि चिकातून येतं. दुधात लोह, तांबं, मँगनीज फारच कमी असतं, म्हणून पहिले काही आठवडे वासरू त्या साठ्यावरच जगतं. तुमच्या आटवलेल्या गाभण गाईला तुम्ही काय घालता ते पत्रात नाही, आणि माझा अंदाज आहे की ती दूध देत नाही म्हणून तिचा खुराक कमी केलेला असेल. बहुतेक गोठ्यांत तसंच होतं. तिला रोज ५० ग्रॅम मिश्रण द्या. विण्याआधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत मात्र कॅल्शियमवालं काही घालायचं की नाही ते डॉक्टरांना विचारून ठरवा, कारण तेव्हाचं जादा कॅल्शियम विल्यानंतर गाय बसण्याला निमंत्रण देतं. आणि चीक जन्मल्यापासून पहिल्या दोन तासांत, वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा पहिल्या दिवसभरात, हे सांभाळा.

उद्या सकाळी स्वयंपाकघरातला काटा गोठ्यात न्या. २५ ग्रॅम पावडर मोजा, ती ज्या झाकणात किंवा वाटीत सपाट बसेल ती वाटी पिशवीतच ठेवून द्या आणि मोठ्या दोघींना त्याच मापाने ओलसर आंबोणात मिसळून द्या. पिशवी बंद, कोरड्या जागी. मिश्रण बिनमिठाचं असेल तर सोबत दहा-पंधरा ग्रॅम आयोडीनचं मीठ. टॉनिकची बाटली डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगेपर्यंत कपाटात ठेवा.

मग शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. घेर ४४ आणि लांबी ४२ आली तर वजन सुमारे १२३ किलो. दर महिन्याला, एकाच वेळी, पाणी पाजण्याआधी मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. नवा केस यायला दोन-तीन महिने लागतात, तोवर रंगाकडे बघून निष्कर्ष काढू नका. टेप त्याआधीच सांगेल. खुराक आणि जंतांची व्यवस्था लावूनही दोन महिन्यांत रोजची वाढ ४०० ग्रॅमवर आली नाही, तर पाण्याचा आणि शेणाचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांशी तांब्याबद्दल नेमकं बोला आणि ते आकडे मलाही लिहून कळवा.